जिंकल्यानंतरचा नियम

27 ऑक्टोबर 2013, रविवार. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली तिसरी फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या दिवसाचे दोन कागद मागे राहिले आणि दोन्ही एकाच माणसाबद्दल बोलतात. पहिला निकालपत्रक. त्यात सेबॅस्टियन व्हेटेल पहिला, निको रॉसबर्ग 29.823 सेकंदांनी मागे दुसरा आणि सतराव्या जागेवरून निघालेला रोमेन ग्रोजाँ तिसरा. दुसरा शर्यतीच्या पंचांचा, म्हणजे स्टुअर्ड्सचा निर्णय. त्यात गाडी क्रमांक 1 चा चालक, म्हणजे तोच व्हेटेल, दोषी. चालकाला समज आणि त्याच्या रेड बुल संघाला 25,000 युरोंचा दंड. त्या वेळच्या भावानं सुमारे 21 लाख रुपये.

कलम एकच, 43.3. शर्यत संपल्यावर गाडी थेट ‘पार्क फर्मे’त नेली नाही, हा गुन्हा. पार्क फर्मे म्हणजे शर्यतीनंतर गाड्या ठेवायचं बंदिस्त आवार. तिथं तपासनिसांखेरीज कुणालाही गाडीला हात लावता येत नाही.

वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही बातमी ‘जल्लोष केला म्हणून विश्वविजेत्याला शिक्षा’ अशी दिली आणि लोकांच्या लक्षात तीच राहिली. मूळ निर्णय आणि नियमाचा मजकूर शेजारी ठेवून वाचला की ही आठवण टिकत नाही. जिंकणाऱ्याच्या आनंदावर पंचांनी हात टाकावा का, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर मात्र त्या दिवशी नेमकी कशाबद्दल शिक्षा झाली हे कळल्याशिवाय देता येत नाही. म्हणून आधी घटना जुळवून घेऊ.

शर्यत 60 फेऱ्यांची होती, एक फेरी 5.125 किलोमीटरची. व्हेटेल पहिल्या जागेवरून निघाला आणि मऊ टायर टिकणार नाहीत म्हणून दुसऱ्या फेरीनंतरच ते बदलायला आत आला. त्यामुळे मागे पडला, एकेक गाडी ओलांडत पुन्हा पुढे आला. त्याचा सहकारी मार्क वेबर याची गाडी वीजनिर्मितीच्या यंत्रात बिघाड होऊन अर्ध्या शर्यतीनंतर थांबली. तोच बिघाड व्हेटेलच्याही गाडीत होईल, अशी धास्ती संघाला शेवटपर्यंत होती. अजिंक्यपदाचं गणित त्या मानानं सोपं होतं. शर्यतीआधी व्हेटेलचे 297 गुण आणि फर्नांडो अलोन्सोचे 207. अलोन्सोला आशा जिवंत ठेवायची तर पहिलं किंवा दुसरं येणं भाग होतं. तो अकरावा आला. व्हेटेल 322 वर पोचला आणि उरलेल्या तीन शर्यतींत मिळून 75 च गुण होते. सलग चौथं विश्वविजेतेपद, वय 26. इतक्या कमी वयात चार विजेतेपदं तोवर कुणी मिळवली नव्हती.

झेंडा पडल्यानंतरचं चित्रीकरण उपलब्ध आहे आणि त्याबद्दल कुणाचाही वाद नाही. व्हेटेलनं नेहमीसारखी सावकाश परतीची फेरी घेतली. ती संपताना आवाराकडे वळायच्या ऐवजी तो सरळ मुख्य प्रेक्षागृहासमोर आला आणि गाडी जागच्या जागी गरगर फिरवली. मागची चाकं घसरत होती आणि धुराच्या पांढऱ्या लोटात गाडी दिसेनाशी होत होती. मग इंजिन बंद. तो बाहेर आला, गाडीवर उभा राहिला, खाली उतरला. गुडघे टेकले, दोन्ही हात पुढे पसरले आणि गाडीसमोर वाकला. त्यानंतर पळत जाळीपाशी गेला, हातमोजे काढून प्रेक्षकांत भिरकावले आणि जाळीवर चढला. गाडी मागे सरळ पट्टीवर एकटी उभी राहिली. ती कर्मचाऱ्यांनी हलवली.

आता कलम 43.3. त्याचा आशय असा: शर्यत संपल्याची खूण मिळाल्यावर प्रत्येक गाडीनं मार्गावरून थेट आवारात यायचं, वाटेत थांबायचं नाही, कुणाकडून कोणतीही वस्तू घ्यायची नाही आणि गरज पडल्यास मार्शलांची, म्हणजे मार्गावरच्या कर्मचाऱ्यांची, मदत सोडून दुसरी मदत घ्यायची नाही. स्वतःच्या जोरावर येऊ न शकणारी गाडी मार्शलांनी ताब्यात घेऊन आणायची.

या मजकुरात आनंदाबद्दल एक शब्द नाही. नाचायचं नाही, वाकायचं नाही, लोकांना हात करायचा नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. हातमोज्यांचंच पाहा. नियम वस्तू घेण्याबद्दल बोलतो, देण्याबद्दल नाही. म्हणजे ज्या दृश्यानं प्रेक्षक सर्वांत जास्त वेडे झाले, ते हातमोजे फेकणं, कलमाच्या बाहेर राहतं. बाधा येते ती ‘थेट’ आणि ‘न थांबता’ या दोन अटींना. पंचांच्या निर्णयातही तेवढंच आहे. चालक थेट आवारात गेला नाही. आणि संघानं त्याला परत यायला सांगण्याचा प्रयत्न केला, पण पुरेसा केला नाही. हे दुसरं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. पंचांनी जबाबदारी वाटून दिली. गाडीत बसलेला माणूस त्या क्षणी भान हरपलेला असणार, हे त्यांनी गृहीत धरलं आणि पैशाची शिक्षा भिंतीपलीकडे कानाला यंत्र लावून बसलेल्या, भानावर असलेल्या लोकांना केली.

थेट यायलाच हवं, हा हट्ट कशासाठी? कारण ही शर्यत झेंड्यापाशी संपत नाही, वजनकाट्यापाशी संपते. 2013 मध्ये चालकासकट गाडीचं किमान वजन 642 किलो ठरलेलं होतं. एखाद्या संघानं हलकी गाडी पळवून परतीच्या वाटेवर कुठेतरी वजन वाढवलं, तर निकाल खोटा ठरेल. इंधनाचंही तसंच. तपासणीसाठी एक लिटर नमुना टाकीत शिल्लक असायलाच हवा. याची किंमत व्हेटेलनं स्वतः मोजली होती. 2012 च्या अबू धाबी शर्यतीच्या पात्रता फेरीनंतर त्याची गाडी वाटेत थांबली आणि टाकीत लिटरभर इंधन निघालं नाही. पंचांनी त्याचा निकाल रद्द केला आणि त्याला शर्यत पिट लेनमधून, सगळ्यांच्या मागून, सुरू करावी लागली. त्याच वर्षी स्पेनमध्ये लुइस हॅमिल्टनची पहिली जागा अशाच कारणानं गेली. नोएडात विनाकारण थांबलेली गाडी कुणी संशयानं पाहिली नसेल, पण नियम संशय येण्याआधीच्या वेळेसाठी लिहिलेला असतो. हजारो लोकांच्या देखत उभ्या असलेल्या गाडीला कुणी हात लावला नाही, हे त्या दिवशी उघड होतं. उद्या एखाद्या आडवळणावर, कॅमेरा नसलेल्या जागी एखादा थांबला तर?

दुसरं कारण माणसांच्या जिवाचं आहे आणि ते समजायला पाच आठवडे मागं जावं लागतं. 22 सप्टेंबर 2013, सिंगापूर. वेबरची गाडी शेवटच्या फेरीत पेटून बंद पडली. परतीच्या फेरीत अलोन्सोनं गाडी थांबवली, वेबर पळत आला आणि अलोन्सोच्या फेरारीवर बसून परतला. छायाचित्र जगभर गेलं. 1991 साली सिल्व्हरस्टोनवर नायजेल मॅन्सेलनं आयर्टन सेनाला असंच आणलं होतं, ते चित्र लोकांच्या मनात होतंच. सिंगापूरच्या पंचांनी मात्र दोघांनाही समज दिली. वेबरची त्या मोसमातली ती तिसरी समज होती. तीन झाल्या की पुढच्या शर्यतीत दहा जागा मागून सुरुवात, असा तेव्हाचा नियम. कोरियात त्याची तिसरी जागा गेली आणि तो तेराव्या जागेवरून निघाला.

तेव्हाही लोक म्हणाले, मित्राला गाडीवर बसवलं म्हणून शिक्षा. निर्णयात मात्र बसवण्याबद्दल काही नाही. वेबरचा दोष असा की मार्शलांची परवानगी न घेता तो चालू मार्गावर शिरला. अलोन्सोचा असा की त्यानं वळणावर, मागून येणाऱ्यांच्या वाटेत गाडी थांबवली. चित्रीकरणात दिसतं की मागून आलेल्या मर्सिडीजच्या दोन्ही गाड्यांना त्याला चुकवून जावं लागलं. परतीची फेरी सावकाश असते, पण मोकळी नसते. दमलेले वीस-बावीस चालक, झिजलेले टायर आणि शर्यत संपली म्हणून सैलावलेली नजर. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मार्शलांसाठी हीच वेळ जोखमीची असते, कारण त्यांनाही आता सगळं संपलं असंच वाटत असतं.

सिंगापूर आणि नोएडा या दोन निर्णयांची तुलना केली की पंचांचा तराजू दिसतो. सिंगापुरात धोका होता. तिथं शिक्षा चालकांना झाली आणि एकाला ती पुढच्या शर्यतीत भोगावी लागली. नोएडात व्हेटेल मोकळ्या सरळ पट्टीवर होता, त्याच्यामुळे कुणाला गाडी वळवावी लागली नाही. तिथं चालकाला फक्त समज मिळाली, 25 पैकी एकही गुण कापला गेला नाही आणि निकालाला धक्का लागला नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. नियम मोडला तर नोंद झालीच पाहिजे, आणि ज्यानं कुणाला इजा केली नाही त्याचा विजय नोंदीपायी हिरावून घेऊ नये. या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

या निर्णयावर एक आक्षेप वजनदार आहे. रेड बुल हा पेय विकणाऱ्या कंपनीचा संघ. त्यांच्या निळ्या गाडीपुढे वाकलेला विश्वविजेता, हे चित्र दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत होतं. 21 लाखांत इतकी जाहिरात कुठे मिळते? श्रीमंत संघासाठी दंड म्हणजे शिक्षा राहत नाही, ते भाडं होतं. हे खरं आहे. पण त्याचा उपाय दंड वाढवत नेणं नव्हता. कायद्याला लोकांचा आनंद रोज मोडायला लागत असेल, तर आधी कायद्याचीच आखणी तपासायला हवी.

दुसरा आक्षेप समानतेचा. जून 2012 मध्ये वालेन्सियात, आपल्याच देशात, अलोन्सो जिंकला. परतीच्या फेरीत प्रेक्षकांसमोर गाडी थांबवून तो उतरला, स्पेनचा झेंडा हाती घेऊन उभा राहिला. त्याला शिक्षा झाली नाही. मग सव्वा वर्षानं नोएडात का व्हावी? पंच दर शर्यतीला बदलतात, हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. एकाच मजकुराचे दोन ठिकाणी दोन अर्थ निघाले तर दोष वाचणाऱ्यांचा जेवढा, तेवढाच मजकुराचाही. 43.3 मध्ये विजेत्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. त्यामुळे पंचांपुढे दोनच वाटा होत्या, डोळे मिटायचे किंवा दंड करायचा. वालेन्सियात पहिली निवडली गेली, नोएडात दुसरी.

व्हेटेल थांबला तो कुठे आणि कधी, हेही विसरू नये. 2013 चं वर्ष त्याच्यासाठी विचित्र होतं. मार्चमध्ये मलेशियात त्यानं संघाचा आदेश धुडकावून वेबरला मागं टाकलं होतं. त्यानंतर जिंकूनही मोंझा आणि सिंगापूरच्या व्यासपीठावर त्याला हुर्यो ऐकावी लागली. नोएडाची ती त्याची सलग सहावी जीत होती आणि इथं मात्र लोक त्याच्यासाठी ओरडत होते. 2011, 2012, 2013, भारतातल्या तिन्ही शर्यती त्यानंच जिंकल्या. पहिल्या वर्षी शेवटचा चौकटीचा झेंडा सचिन तेंडुलकरनं हलवला होता. त्याच पहिल्या वर्षी सरावाच्या दिवशी एक भटकं कुत्रं मार्गावर आलं म्हणून सराव थांबवावा लागला, तेही जगानं पाहिलं. तिसऱ्या वर्षापर्यंत प्रेक्षक कमी झाले होते, उत्तर प्रदेशच्या करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि 2014 च्या वेळापत्रकातून भारत वगळला गेला होता. जाळीपलीकडच्या माणसांना ठाऊक होतं की पुढच्या वर्षी इथं काही नाही. तेव्हापासून आजवर भारतात फॉर्म्युला वन शर्यत झालेली नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, 16 नोव्हेंबर 2013 रोजी, वानखेडेवर सचिननं शेवटची कसोटी संपल्यावर एकट्यानं खेळपट्टीपर्यंत जाऊन तिला हात लावला आणि नमस्कार केला. वर्ध्यापासून मुंबईपर्यंत कुणाचे डोळे कोरडे राहिले नसतील. त्याला कुणी अडवलं नाही, अडवायचं कारणही नव्हतं. खेळपट्टीचं वजन करायचं नव्हतं आणि मागून कुणी ताशी शंभरच्या वेगानं येत नव्हतं. दोघांची कृती एकच होती, ज्यानं घडवलं त्यापुढे वाकण्याची. मैदान आणि मोटारीचा मार्ग यांतला फरक कृतीत नाही, आजूबाजूच्या जोखमीत आहे, आणि पंचांनी मोजायची ती जोखीम.

नोएडानंतर काय झालं, यावरून त्या दंडाचा उपयोग ठरतो. पुढच्याच रविवारी अबू धाबीत व्हेटेल पुन्हा जिंकला आणि त्यानं पुन्हा गाडी गरगर फिरवली. या वेळी कडेच्या मोकळ्या जागेत, आणि गाडी सोडून न उतरता. शिक्षा झाली नाही. दोन आठवड्यांनी ऑस्टिनमध्येही तेच. नंतरच्या मोसमांच्या नियमावलीत त्याच कलमाला एक पुरवणी जोडली गेली. विजेत्या चालकाला आवारात जाण्याआधी आनंद व्यक्त करता येईल, पण तो सुरक्षितपणे, दुसऱ्या चालकांना आणि अधिकाऱ्यांना धोका न होता. त्यामुळे गाडीच्या वैधतेबद्दल शंका येता कामा नये. आणि बक्षीस समारंभाला उशीर होता कामा नये.

माझ्या मते त्या 25,000 युरोंची खरी कमाई ही पुरवणी आहे. जुन्या कलमात अट होती पण तिचं कारण नव्हतं. नव्यात कारणंच अट झाली. आता पंचाला आनंद पाहायचा नसतो, तीन गोष्टी पाहायच्या असतात. 2018 च्या शेवटच्या शर्यतीत अलोन्सोच्या निरोपाला हॅमिल्टन, व्हेटेल आणि अलोन्सो या तीन विश्वविजेत्यांनी सरळ पट्टीवर एकत्र गाड्या फिरवल्या. 2022 मध्ये व्हेटेल निवृत्त झाला तेव्हा त्यानंही फिरवली. दंड नाही. उलट जून 2021 मध्ये ऑस्ट्रियात मॅक्स व्हर्स्टॅपेन जिंकताक्षणी, आपल्या संघाच्या भिंतीसमोर, रेषेवरच वेग मारून चाकांचा धूर काढू लागला. मागून गाड्या पूर्ण वेगात येत होत्या. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी हे पुन्हा चालणार नाही, अशी ताकीद दिली. धूर तोच, पण मागं काय येतंय ते वेगळं.

हे सगळं वर्धा जिल्ह्यातल्या वाचकानं कशाला वाचायचं? आपल्याकडे मोटारींच्या शर्यतीचा मार्ग नाही. पण शर्यत आहे आणि धावणाराही आपल्याच मातीतला आहे. आर्वी, आष्टी, कारंजा ही गवळाऊ बैलांची मूळ भूमी. अंगानं हलका, पांढरा-करडा, चालीला चपळ असा हा बैल, आणि कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला त्याच्या पैदाशीचं सरकारी क्षेत्र आहे. विदर्भातला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, या चपळाईवर उभा आहे. पोळ्याला बैलापुढे वाकणाऱ्या आणि सिंदी रेल्वेला तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल मिरवणाऱ्या माणसांना व्हेटेलचं ते गाडीपुढे वाकणं समजावून सांगावं लागत नाही.

पटाचेही कागद आहेत, आणि तेही जपून वाचण्यासारखे. 11 जुलै 2011 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बैल हा प्रदर्शन आणि खेळासाठी शिकवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला. 12 मार्च 2012 ला मुंबई उच्च न्यायालयानं महाराष्ट्रातली शर्यतबंदी उचलून धरली. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठानं जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. 2017 मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, त्याखाली नियम केले. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दुरुस्ती वैध ठरवली. त्याच निकालात नियम काटेकोर पाळले जातात की नाही याची जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यांवर टाकली.

राज्याच्या नियमांत धावपट्टीची लांबी आहे, जास्तीत जास्त एक हजार मीटर. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना बंदी आहे. पशुवैद्यकाची तपासणी आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे. नियम मोडल्यास दुरुस्त कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. या अटींचा रोख बैल जुंपण्यापासून रेषा ओलांडेपर्यंतच्या काळावर आहे आणि तो रास्त आहे, कारण क्रूरता बहुतेक तिथंच होत होती.

2014 च्या निकालात मात्र एक गोष्ट आहे जिच्याकडे पटाची मंडळी फारशी पाहत नाहीत. न्यायालयानं प्राण्यांच्या पाच मुक्तता मांडल्या. त्यांतली एक भीती आणि त्रासापासूनची. आणि जलिकट्टूचे जे अहवाल न्यायालयापुढे आले त्यांत बैल रिंगणाबाहेर पडल्यावर ज्या जागेत गोळा केला जातो, तिथल्या हालांचीही नोंद होती. म्हणजे शर्यत संपल्यानंतरचा बैल कायद्याच्या नजरेत आधीच आलेला आहे.

पटावर जोडी रेषा ओलांडते तेव्हा काय होतं, ते पट पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. धुरकरी अजून कासरे ओढत असतो, बैलांच्या नाकपुड्या फुललेल्या असतात, छाती भात्यासारखी हलत असते आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंची माणसं आत घुसतात. डफडी, शिट्ट्या, गुलाल, मोबाइल वर धरलेले हात. कुणी बैलाच्या गळ्यात पडतो, कुणी धुरकऱ्याला खांद्यावर घ्यायला ओढतो. ज्याच्या जिवावर पट जिंकला तो बैल त्या गर्दीत बिचकतो, आणि बिचकलेली जोडी गर्दीत शिरली तर पोरंसोरं चिरडतात. त्या माणसांच्या मनात क्रूरता नसते, प्रेमच असतं. व्हेटेलच्याही मनात लबाडी नव्हती.

म्हणून पटाच्या पंचांनी जल्लोषावर बंदी घालावी, असं मी म्हणणार नाही. तशी बंदी कुणी पाळणार नाही आणि ती घालायचं कारणही नाही. पण नोएडाचा कागद जिथं पोचला, तिथून आपल्याला सुरुवात करता येते. जिंकणाऱ्याला आनंदाची जागा द्या आणि कारणं सांगून तिच्या सीमा आखा. आपल्या गाडीचं वजन करायचं नाही, पण बैलाचा दम बसू द्यायचा आहे, पशुवैद्यकाला त्याचे पाय पाहू द्यायचे आहेत. शर्यत संपल्यावर जोडीनं थेट एका राखलेल्या आवारात जावं, तिथं धुरकरी, मालक आणि डॉक्टर यांच्याशिवाय कुणी नसावं. जुवाखालून बैल सुटले, पाणी पिऊन शांत झाले की मग गुलाल, मग डफडी, आणि गुलाल माणसांच्या कपाळी, बैलाच्या डोळ्यांत नाही. कुणी हे मोडलं तर नोंद व्हावी, आणि दंड आधी आयोजकांना, कारण भानावर राहण्याचं काम त्यांचं. जिंकलेल्या जोडीचा नंबर मात्र त्यापायी काढून घेऊ नये.

जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज घेऊन जाणाऱ्या प्रत्येक पट समितीला माझी विनंती आहे. यंदा अर्जासोबत धावपट्टीचा नकाशा द्याल, तेव्हा त्यावर रेषेपलीकडची ती मोकळी जागाही आखून द्या.